न हलणाऱ्या वस्तूची वायर

वायरलेस ट्रॅकपॅडच्या जाहिरातीतलं टेबल नेहमी रिकामं असतं. मोठा मॉनिटर, बुटका कीबोर्ड, शेजारी काचेची चपटी पाटी, आणि नजर पोचेल तिथवर एकही वायर नाही. नाशकातल्या घरांतली आणि ऑफिसांतली टेबलं अशी नसतात. मॉनिटरची वायर, राउटरची वायर, प्रिंटरची, स्पीकरची, वीज गेल्यावर काम सेव्ह करण्यापुरता वेळ देणाऱ्या यूपीएसची, आणि वर घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलचा एकेक चार्जर. या गुंत्यातून एक वायर कमी झाल्यानं टेबल काही मोकळं होत नाही. तरी डेस्कटॉपला ट्रॅकपॅड घ्यायला निघालेला माणूस महात्मा गांधी रोडवरच्या दुकानात शिरला की पहिलं वाक्य बोलतो ते ‘वायरलेस दाखवा’ असंच. मला वाटतं, निवडीची ही सुरुवातच उलटी आहे. ट्रॅकपॅडच्या बाबतीत वायर असणं-नसणं हा सगळ्यात शेवटी पाहायचा मुद्दा आहे. तो पहिला धरला की जे आधी पाहायला हवं ते पाहायचं राहून जातं.

वायरलेसचा हा सोस आला माउसकडून, आणि माउसच्या बाबतीत तो रास्तच आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये पहिला माउस बनवला तो लाकडी खोक्याला दोन चाकं बसवून. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत एंगलबार्टनी तो चारचौघांत चालवून दाखवला. त्यानंतर चाकं जाऊन गोळी आली, गोळी जाऊन प्रकाश आला, पण हातानं वस्तू ढकलायची आणि ती सरकेल तसा पडद्यावरचा बाण सरकायचा, हे राहिलंच. ढकलल्या जाणाऱ्या वस्तूला वायर असली की ती कीबोर्डच्या कडेला अडते, टेबलामागच्या फटीत घसरते, नेमकी नको तेव्हा ओढ देते. ती काढून टाकली तर हात खरोखर सुटतो.

ट्रॅकपॅड हलत नाही. तो बसल्या जागी बसून राहतो. फिरतं ते बोट. काचेखाली विद्युतवाहक पट्ट्यांची बारीक जाळी असते. बोट टेकलं की तिथल्या विद्युतक्षेत्रात फरक पडतो, तो फरक मोजून बोट कुठं आहे आणि कुठं चाललं आहे हे ओळखलं जातं. या सगळ्यात पॅडला इकडचं तिकडं व्हावं लागत नाही. मग त्याची वायर नडते कोणाला? मॉनिटरही हलत नाही, आणि मॉनिटरला वायर आहे म्हणून कोणी हळहळत नाही.

विजेचंही तसंच. वायरलेस म्हणजे आत बॅटरी आली. बॅटरी असते ती आजूबाजूला वीज नसेल तेव्हासाठी. पण डेस्कटॉप चालू आहे याचा अर्थच वीज आहे, आणि हातभर अंतरावर जिवंत यूएसबी पोर्ट आहे. वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, की कॉम्प्युटर बंद. त्यानंतर ट्रॅकपॅडची बॅटरी भरलेली असून करायचं काय? म्हणजे या बॅटरीची गरज जवळजवळ कधीच पडत नाही, आणि खराब होण्याची वेळ मात्र ठरलेली असते. लिथियमच्या बॅटरीला उष्णता मानवत नाही, आणि एप्रिल-मेमध्ये नाशकाचा पारा चाळिशीपर्यंत जातो. पश्चिमेच्या खिडकीला लागून ठेवलेल्या टेबलावर दुपारी हात ठेवून पाहा.

इथं ॲपलच्या ट्रॅकपॅडचा इतिहास पाहण्यासारखा आहे. जुलै २०१० मध्ये आलेल्या पहिल्या ‘मॅजिक ट्रॅकपॅड’मध्ये दोन पेन्सिल सेल घालावे लागत. लोक त्याला नावं ठेवायचे, कारण सेल संपायचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दुसरा आला, आत कायमची बॅटरी बसवलेला; एकदा चार्ज केला की महिनाभर किंवा जास्त चालतो, असं कंपनी सांगते. दिसायला ही प्रगती. पण आज बाजारातून दोन्ही जुने उचलून आणले, तर २०१० च्या पॅडला लागणारे सेल पंचवटीतल्या किराणा दुकानातही मिळतील. २०१५ च्या पॅडची बॅटरी दमली असेल, तर तो उघडायला हिंमत आणि हत्यारं दोन्ही लागतील. एक बरं आहे: त्याचं चार्जिंगचं तोंड मागच्या बाजूला आहे आणि वायर लावलेली असताना तो वापरता येतो. त्याच वर्षी आलेल्या त्याच कंपनीच्या माउसचं तोंड पोटाला आहे. चार्जिंगला लावला की तो उताणाच पडतो. त्या माउसवर जगभर विनोद झाले ते उगाच नाही.

तिसरी गोष्ट रेडिओलहरींची. ब्लूटूथ काय किंवा छोटा डोंगल काय, दोन्ही साधारण २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतात. घरातलं वायफायही बहुधा त्याच पट्ट्यात, आणि कॉलेज रोडच्या एखाद्या इमारतीत मोबाइलवर वायफायची यादी उघडली तर शेजाऱ्यांची डझनभर नावं दिसतात. शिवाय यूएसबी ३ चे पोर्ट आणि वायरी चालू असताना याच पट्ट्यात गोंगाट करतात. २०१२ मध्ये इंटेलनंच याविषयी माहितीपत्र काढलं होतं. आता आपल्या नेहमीच्या मांडणीकडे पाहा: ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो तो पत्र्याचा डबा टेबलाखाली, डोंगल त्याच्या पाठीमागे, बाजूला यूएसबी ३ ची हार्ड डिस्क, आणि ट्रॅकपॅड वर. बाण अडखळतो, उडी मारतो, क्षणभर गोठतो. माहीतगार माणूस यावर उपाय सांगतो तो असा की डोंगलसाठी हातभर एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल वर टेबलावर आणा. वायरलेस नीट चालावं म्हणून वायर विकत घ्यायची! उपाय अगदी बरोबर आहे, चालतो. पण मग सुरुवातीलाच वायरवाला का नाही घेतला, हा प्रश्न उरतो.

त्याचं उत्तर असं की वायरवाला बाजारात मिळणंच मुश्कील. डेस्कटॉपसाठी वेगळा ट्रॅकपॅड ही मुळातच छोटी बाजारपेठ. लॉजिटेकनं २०१२ मध्ये विंडोज ८ च्या वेळी टी६५० नावाचा चांगला मोठा काचेचा पॅड काढला होता, तो पुढे बंद केला. उरलेल्यांतही बहुतेक सगळे वायरलेसच. त्यामुळे माझा सल्ला ‘वायरलेस घेऊ नका’ असा नाही. घ्या, पण वायर जोडल्यावर त्या वायरमधून फक्त चार्जिंग होतं की बोटाची हालचालही कॉम्प्युटरपर्यंत जाते, हे आधी विचारा. जात असेल तर तो पॅड अडचणीच्या वेळी वायरवाला होऊ शकतो. फक्त चार्जिंग होत असेल, तर ब्लूटूथ रुसलं की हाती पाटी उरते. विंडोज सुरू होण्याआधीच्या बायॉसच्या पडद्यावर तर ब्लूटूथ पॅड बहुधा चालतच नाही. तेव्हा जुना वायरचा माउस फेकू नका.

वायरलेसच्या बाजूनं एक खरा मुद्दा आहे, तोही मांडायला हवा. पॅड मांडीवर घेता येतो. टीव्हीला कॉम्प्युटर जोडून सोफ्यावरून चालवता येतो. क्लासमध्ये शिकवणारा माणूस तो हातात घेऊन फळ्यापाशी उभा राहू शकतो. ज्यांचं काम असं आहे त्यांना वरचं सगळं लागू नाही. त्यांनी खुशाल वायरलेसच घ्यावा. पण ही डेस्कटॉपसमोर खुर्चीत बसून आठ तास काम करणाऱ्या माणसाची गरज नव्हे.

मग त्या माणसानं आधी काय पाहावं? जागा. लॅपटॉपवर ट्रॅकपॅड आवडला म्हणून डेस्कटॉपला घेणारे बहुतेक लोक इथं फसतात. लॅपटॉपवर तो स्पेसबारच्या खाली, बरोबर मध्ये असतो. बोटं अक्षरांवरून उचलावी लागत नाहीत, अंगठा खाली उतरला की काम झालं. लॅपटॉपवरच्या पॅडचं निम्मं सुख त्या जागेत आहे. डेस्कटॉपला आणलेला पॅड मात्र माउसच्या जागी, उजवीकडे जातो. मध्ये आकड्यांची पट्टी असलेला भलामोठा कीबोर्ड. हात खांद्यापासून बाहेर फेकावा लागतो, आणि संध्याकाळी खांदा बोलू लागतो. लॅपटॉपवरचा पॅड आणि कीबोर्डच्या पलीकडे पडलेला पॅड ही दोन वेगळी यंत्रं आहेत, दिसायला सारखी असली तरी.

यावर एक साधा उपाय आहे, आणि तो फारसा कोणी करत नाही. आकड्यांची पट्टी उजवीकडे असल्यामुळे कीबोर्डची डावी बाजू अक्षरांना जास्त जवळ असते, आणि ती रिकामीच पडलेली असते. पॅड तिथं ठेवा. डाव्या हातानं पान वरखाली करायचं, झूम करायचं, एका विंडोतून दुसरीत जायचं; उजव्या हातात माउस राहू द्यायचा आणि नेमकेपणाची कामं त्याच्याकडे ठेवायची. ‘माउस की ट्रॅकपॅड’ हा वाद लावून देण्यात दुकानदाराचा फायदा असेल. दोन हात असलेल्या माणसाला त्यातला एकच निवडायचं कारण नाही.

मनगट दुखतं म्हणून ट्रॅकपॅड घेणाऱ्यांना तर हे विशेष सांगायला हवं. एकाहून जास्त बोटं ओळखणाऱ्या पॅडच्या इतिहासात दुखऱ्या हाताला मानाचं स्थान आहे. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या वेन वेस्टरमन यांना टायपिंगनं हाताचा त्रास जडला. त्यांनी आणि त्यांचे मार्गदर्शक जॉन इलायस यांनी हलक्या स्पर्शावर, अनेक बोटांच्या खुणांवर चालणारे पृष्ठभाग बनवले आणि १९९८ मध्ये फिंगरवर्क्स नावाची कंपनी काढली. २००५ मध्ये ती ॲपलनं विकत घेतली. दोन वर्षांनी आयफोन आला. आज आपण दोन बोटांनी फोटो मोठा करतो त्यामागच्या कामात या मंडळींचा मोठा वाटा आहे. पण या गोष्टीवरून ‘पॅड घेतला की दुखणं गेलं’ असा निष्कर्ष काढू नये. माउसनं मनगटावर येणारा ताण पॅडमुळे बोटांकडे आणि अंगठ्याकडे सरकतो, नाहीसा होत नाही. काही ओढून न्यायचं असेल तेव्हा एका बोटानं दाबून धरत दुसऱ्यानं सरकवणं, हे दिवसभर केलं तर तेही दुखतं. काम दोन हातांत वाटलं जाणं याचा फायदा जास्त. आणि दुखणं रोजचं झालं असेल तर पैसे आधी डॉक्टरला द्यावेत. जाता जाता: फिंगरवर्क्सचा डेस्कटॉपसाठीचा आयजेश्चर पॅड यूएसबीच्या वायरवर चालायचा आणि त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं.

आकाराचा हिशेब दुकानात क्वचितच होतो. तेरा इंची लॅपटॉपचा पडदा जेमतेम २९ सेंटिमीटर रुंद असतो. २७ इंची मॉनिटर ६० सेंटिमीटरच्या आसपास. मॅजिक ट्रॅकपॅड १६ सेंटिमीटर रुंद आहे आणि मोठ्या मॉनिटरवर तो कसाबसा पुरतो. ऑनलाइन स्वस्तात मिळणारे तळहाताएवढे पॅड २७ इंची पडद्यावर वापरून पाहा: फाइल या टोकाकडून त्या टोकाला नेताना बोट काठाला पोचतं आणि फाइल मध्येच सुटते. बाणाचा वेग वाढवला तर बारीक बटणावर नेम बसत नाही. पॅड लहान घ्यायचाच असेल तर मॉनिटरही लहान हवा.

आणि आता तो मुद्दा, ज्यावर खरं तर सगळं अवलंबून आहे. ट्रॅकपॅड ही एकटी विकत घ्यायची वस्तू नाही. बोटांच्या खुणांचा अर्थ लावणारी ऑपरेटिंग सिस्टीम हा त्याचा अर्धा भाग, आणि तो खोक्यात येत नाही. मॅकवर मॅजिक ट्रॅकपॅड अप्रतिम चालतो, कारण दोन्ही अर्धे एकाच घरचे. तोच विंडोजच्या डेस्कटॉपला जोडला तर इकडून तिकडून ड्रायव्हर गोळा करत बसावं लागतं, आणि दहा हजारांच्या वर मोजलेल्या वस्तूचं काम हौशी मंडळींच्या मेहेरबानीवर चालतं. लिनक्सवाले यात सुखी आहेत. त्यांच्या कर्नेलमध्येच त्याची सोय झालेली आहे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टनं २०१३ मध्ये, ८.१ च्या वेळी, ‘प्रिसिजन टचपॅड’ नावाचं प्रमाण ठरवून दिलं. त्या प्रमाणाचा पॅड असेल तर दोन, तीन, चार बोटांच्या खुणा विंडोज स्वतः ओळखतं आणि सेटिंगमध्ये टचपॅडचं पान आपोआप उघडं होतं. नसेल तर तो पॅड बहुधा कॉम्प्युटरला ‘मी माउस आहे’ असं सांगून आत शिरतो. खुणा आतल्या चिपमध्ये गोठवलेल्या असतात आणि त्या बदलता येत नाहीत. ‘मल्टि-टच’ मात्र दोन्ही प्रकारच्या पॅडच्या खोक्यावर छापलेलं असतं. खरेदी करताना या एका प्रश्नाचं उत्तर मिळवलं तर बाकीच्या निम्म्या चुका टळतात.

घरात एकच कॉम्प्युटर आणि वापरणारे चौघं असले तर एक भांडण ठरलेलं असतं: पान कुठल्या दिशेनं सरकावं. २०११ मध्ये ॲपलनं बोटाबरोबर पान सरकण्याची दिशा उलटी केली, म्हणजे मोबाइलसारखी. मॅकवर माउसची आणि पॅडची दिशा एकमेकांना बांधलेली आहे. एकाची बदलली की दुसऱ्याची बदलते. विंडोजमध्ये प्रिसिजन टचपॅडची दिशा माउसपासून वेगळी ठेवता येते. डावीकडे पॅड, उजवीकडे माउस अशी मांडणी करणाऱ्यांनी हे आधी जाणून घेतलेलं बरं.

तरीही काही कामांना ट्रॅकपॅड घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. अंबड आणि सातपूरच्या औद्योगिक वसाहतींमध्ये कितीतरी टेबलांवर दिवसभर कॅडची ड्रॉइंग चालतात. तिथं माउसचं चाक दाबून ड्रॉइंग सरकवणं, फिरवणं हे हाताच्या सवयीचं झालेलं असतं. मधलं बटण नसलेला पॅड त्या माणसाचा हातच बांधतो. टॅलीवर नोंदी करणाऱ्याला माउसही लागत नाही, पॅडही नाही. लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याचा मुनीम कीबोर्डवरून हात न उचलता दिवसाचा हिशेब उतरवतो. फोटोतले डाग पुसणाऱ्यानं पेन टॅब्लेट घ्यावा. लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्याला मात्र पॅड आवडेल, कारण लांबलचक टाइमलाइन आडवी सरकवणं आणि लहानमोठी करणं दोन बोटांना जितकं जमतं तितकं चाकाला जमत नाही.

मराठी मजकूर तपासणाऱ्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. आपल्या लिपीत काना, वेलांटी, अनुस्वार अक्षराला चिकटलेले असतात. ‘चिंच’मधल्या अनुस्वारावर बाण नेऊन तेवढाच उचलायचा म्हटलं तर बहुतेक ठिकाणी जमत नाही, कर्सर अक्षराच्या पुढे ठेवून बॅकस्पेस दाबावा लागतो, मग आधी अनुस्वार जातो, मग वेलांटी. म्हणजे नेमकेपणाचं काम बाणाच्या कळाच करतात. टोकाची अचूकता माउसमध्येही वाया जाते आणि पॅडमध्येही. पण तीनशे पानांचं प्रूफ वाचताना पान सावकाश, न झटकता सरकत राहणं याला किंमत आहे, आणि तिथं चांगला पॅड चाकाला हरवतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर हात बसलेल्या माणसानं तर पॅड स्पेसबारखाली ठेवून पाहावाच.

माउसला आपण इतके का चिकटून आहोत, याचं एक कारण महाराष्ट्रात सहज सापडतं. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमानं गावोगावच्या लोकांना कॉम्प्युटर शिकवला, आणि तो माउस धरूनच शिकवला. जे हातानं आधी शिकलं ते हाताला नैसर्गिक वाटतं. नेम धरण्यात माउस वेगवान आहे, हेही खोटं नाही. १९७८ मध्ये झेरॉक्सच्या प्रयोगशाळेतून माउस, जॉयस्टिक आणि कळा यांची तुलना प्रसिद्ध झाली, तीत माउस पहिला आला. (तुलना करणाऱ्या तिघांत माउस घडवणारे बिल इंग्लिशही होते, पण निकालाबद्दल शंका घ्यायचं कारण नाही.) त्या तुलनेत ट्रॅकपॅड नव्हता, आणि दिवसभर स्क्रोल करणारा आजचा माणूसही नव्हता. आपण पडद्यावर नेम किती वेळा धरतो आणि पान किती वेळा सरकवतो, हे एक दिवस स्वतःकडे लक्ष ठेवून पाहिलं तर पॅड हवा की नको याचं उत्तर कोणत्याही परीक्षणाशिवाय मिळेल.

राहता राहिली खरेदी. काचेवरून बोट कसं घसरतं, दाबल्यावर क्लिक कुठं लागतो, कोपऱ्यात दाबलं तर लागतो का, हे खोक्याच्या बाहेरून कळत नाही, आणि दुकानात पॅड सीलबंदच असतो. चारपाचशे रुपयांच्या माउसला हे चालून जातं. दहा हजारांच्या वस्तूला चालू नये. दुकानदारांनी एक पॅड उघडा ठेवून तो मोठ्या मॉनिटरला जोडावा, आणि ग्राहकानं तसा आग्रह धरावा.

बॅटरीबद्दलही आग्रह धरायलाच हवा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून अशा छोट्या उपकरणांतली बॅटरी, काही अपवाद सोडले तर, वापरणाऱ्याला स्वतः काढता-बदलता आली पाहिजे. आपल्याकडे २०२२ चे बॅटरी कचरा नियम आहेत. त्यांचा भर मेलेली बॅटरी गोळा करण्यावर आणि तिच्या पुनर्वापरावर आहे. ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टलही सुरू केलं. बॅटरी बदलता येण्याची सक्ती आपल्याकडे येईल तेव्हा येईल; तोवर तुम्ही काउंटरवर दोन प्रश्न विचारा: बॅटरी दमल्यावर ती बदलून कुठं मिळेल, आणि नाही मिळाली तर हा पॅड नुसत्या वायरवर चालेल का? दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ आलं तर पैसे खिशात ठेवा.